कुऱ्हाडीची जागा

दर मे महिन्यात आमच्या खाडीवर झाडं कापणारे उपटतात. शिडीवाली गाडी, दारावर चिकटवलेला फोन नंबर, आणि तोंडात एकच मंत्र : "झाड आतून साफ करून देतो, वारा आरपार जाईल, वादळाला झाड दिसणारसुद्धा नाही." लोक भुलतात. मग हे हरामखोर ओकच्या पोटातल्या सगळ्या फांद्या सोलून काढतात आणि फक्त टोकांना झुपके ठेवतात. दिसायला झाड कसं चकाचक. पण सगळं ओझं टोकाला गेलं. काठीच्या टोकाला दगड बांधून गदागदा हलवून बघा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. सप्टेंबरात वारा येतो आणि त्या फांद्या काडीसारख्या मोडतात, कुणाच्या गाडीवर, कुणाच्या न्हाणीवर. तोवर दारावरचा फोन नंबर बंद झालेला असतो.

मी क्लोटील. नवरा गेल्यावर त्याचा दोर आणि त्याची करवत मी घेतली. खाली दोर धरायला दीर व्हिल्टन असतो. बाई झाडावर चढते म्हणून जे हसले ते आता दर उन्हाळ्यात माझ्याच दारात येतात. माझी रीत साधी. वाळलेलं काढायचं, छपरावर आलेली टोकं आखूड करायची, पोटाला हात लावायचा नाही. आणि झाडाचा माथा कधी म्हणजे कधी उडवायचा नाही. मुंडकं छाटलेलं झाड दिसलं की मी गाडीच्या खिडकीतून थुंकते. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना मला काय शिव्या घालायच्या ते तुम्हाला ठरवता येईल.

अल्झीर मावशीचं घर आमच्या रस्त्याच्या शेवटाला. तिच्यापुढे दलदल, दलदलीपुढे समुद्र. सरकारनं समुद्र अडवायला बांध घातला तो आमच्या उत्तरेला. म्हणजे आम्ही बांधाच्या आत नाही, समुद्राच्या बाजूला. नकाशा काढणाऱ्याचा हात नेमका आमच्याच गावाशी येऊन दमला असणार. तर अशा जागी मावशीच्या घराशेजारी एक ओक होता. तिच्या आजेसासऱ्याच्याही आधीचा. पाच माणसांनी हात धरले तरी खोडाला कव पुरत नव्हती. त्याच्या वायव्येला मावशीची निजायची खोली, पूर्वेला चर ओलांडला की दफनभूमी.

दफनभूमीकडे गेलेली एक फांदी इतकी जड होती की मध्येच खाली येऊन तिनं जमिनीवर कोपर टेकलं होतं आणि तिथून पुन्हा वर गेली होती. गाव तिला कोपरच म्हणायचं. मागच्या मोठ्या वादळात पाणी चढलं आणि आमचे मेलेले वर आले. आमच्याकडे जमीन खणली की हातभरावर पाणी लागतं, म्हणून थडगी जमिनीच्या वर बांधतात; पाणी आलं की झाकणं उचलली जातात आणि शवपेट्या होड्यांसारख्या निघतात. पाणी उलटं फिरलं तेव्हा बऱ्याच पेट्या दलदलीत गेल्या. माझ्या सासूची अजून सापडलेली नाही. पण मावशीचा नवरा ओव्हीद कोपरात अडकला. पाणी ओसरलं तेव्हा त्याची पेटी फांदीच्या वळणात बसलेली होती, पाळण्यात ठेवल्यासारखी.

त्या वादळात मावशी घरातच होती. प्रत्येक वादळात ती घरातच असायची. गाव रिकामं करायचा हुकूम आला की पोलीस तिच्या दारात यायचे आणि ती म्हणायची, "ओक उभा आहे ना? मग मी बसलेय."

या मे महिन्यात तिनं मला बोलावलं. गेले तर अंगणात तिचा मुलगा डर्विन. ह्यूस्टनला असतो, तिथं तेलाच्या कुठल्याशा कंपनीत आहे. इस्त्रीचा सदरा, चिखलात बूट.

"आई, विमा कंपनीनं वरून फोटो काढलेत," तो सांगत होता. "छपरावर झाड आहे म्हणतात. पाडा, नाहीतर विमा बंद."

"वरून काढले?" मावशी म्हणाली. "मग दोरीवरचे माझे कपडे पण दिसले असतील. त्यांच्याबद्दल काय म्हणाले?"

व्हिल्टन फिदीफिदी हसला. डर्विननं त्याच्याकडे असं बघितलं की तो दोर तपासायला लागला.

"आई, थट्टा पुरे. मला झोप लागत नाही तिकडे. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत मी हवामानाचा नकाशाच बघत बसतो."

"नको बघूस. चित्रपट बघ."

"बरं," डर्विन म्हणाला, "तुझं एक, माझं एक. क्लोला विचार. तिनं झाड तपासावं, छाटावं. ती म्हणाली झाड पक्कं आहे, तर मी कंपनीशी भांडेन, तुला परत काही बोलणार नाही. ती म्हणाली कच्चं आहे, तर पाडायचं. आणि या वर्षी वादळ आलं की तू माझ्याकडे यायचं."

मावशीनं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत काळजीचा लवलेश नव्हता. "चालेल. क्लो, चढ. ती पक्कं म्हणणार, आणि मी इथंच झोपणार, माझ्या खोलीत. ऐकलंस ना, पोरा?"

म्हणजे मी झाडाबद्दल काय बोलते एवढाच प्रश्न नव्हता. मी 'पक्कं' म्हटलं की ही बाई सप्टेंबरात त्या झाडाखाली आडवी होणार होती.

मी चढले. दाढीसारखं लोंबणारं राखाडी शेवाळ बाजूला करत, वाळून तपकिरी झालेल्या नेच्यांवरून हात फिरवत. पाऊस पडला की हेच नेचे पुन्हा हिरवे होतात; मेलेत की झोपलेत हे त्यांचं त्यांनाच माहीत. वाळकी फांदी कापली की दोरानं बांधून खाली सोडायची, व्हिल्टन ती धरून उतरवतो.

"वहिनी, सावकाश!" तो खालून ओरडला. "गेल्या वर्षीपेक्षा फांदी जास्त वाकतेय!"

"तोंड बंद कर आणि दोर धर. पडले तर तुझ्यावरच पडेन."

"तेच म्हणतोय मी!"

वर झाड राजासारखं होतं. पानं गर्द, साल घट्ट, जोड भक्कम. छपरावरची टोकं मी आखूड केली, वाळकं उतरवलं. मनात म्हटलं, कंपनीला दाखवते आता. वरून फोटो काढून झाड कळत असतं तर कबुतरांनी विमा विकला असता.

मग मी खाली उतरले आणि बुंध्याभोवती फिरले. हे सगळ्यात शेवटी करते, आणि कधीच टाळत नाही. झाड वाऱ्याला तोंड देतं ते पानांनी नाही, मुळांनी. आमच्याकडे घात करतो तो आग्नेयेचा वारा. तो झाडाला वायव्येकडे ढकलतो, आणि आग्नेयेची मुळं दोरासारखी ताणून त्याला धरून ठेवतात. लाकडी हातोड्यानं मी बुंधा ठोकत गेले. ठक्, ठक्, ठक्. आग्नेयेला आले आणि आवाज बदलला. रिकाम्या पिंपावर थाप मारावी तसा.

मी गुडघ्यावर बसले, पालापाचोळा सारला. दोन जाडजूड मुळांच्या बेचक्यात बुरशीचे तपकिरी कान उगवले होते. त्यांच्याशेजारी मातीत एक खाच. सरळ, वीतभर, काठ गुळगुळीत झालेली. लोखंडी सळई मी त्या खाचेशी टेकवली आणि नुसत्या तळहातानं दाबली. सळई हातभर आत गेली.

मावशी कॉफी घेऊन आली. तिची कॉफी म्हणजे छोट्या कपात डांबर, आणि त्यात इतकी साखर की चमचा उभा राहावा.

"सापडली का तुला माझी जागा?" ती खाचेकडे बोट दाखवून म्हणाली.

"कसली जागा, मावशी?"

"कुऱ्हाडीची."

मला माहीत असायला हवं होतं. आमच्याकडे जुनी माणसं वादळ येताना दिसलं की अंगणात कुऱ्हाड रोवतात, पातं ढगाकडे करून. वादळ त्या धारेवर येऊन चिरतं आणि घराच्या दोन्ही अंगांनी निघून जातं. माझी आजी करायची. मी नाही करत, पण कुणी करत असेल तर मी हसतही नाही; चर्चमधली मेणबत्ती जितकी खरी तितकीच कुऱ्हाड खरी.

"नेहमी इथंच रोवता?"

"इथंच. सासूनं दाखवलेली जागा. दोन मुळांच्या मध्ये दांडा कसा ताठ उभा राहतो. वाऱ्यानं हलत नाही. तिच्या सासूचीही हीच. आता तर कुऱ्हाडीला पाठ झालंय, आपली आपण खाचेत जाऊन बसते." ती हसली. "जोर लावून मारायची हां पण. हळू मारली तर वादळ चिरत नाही, नुसतं ओरखडतं."

मी कप हातात धरून बसले. त्या जागी माती होती जेमतेम दोन बोटं. त्याखाली मूळ.

डर्विन आला. सळई किती आत गेलीय ते त्यानं बघितलं. त्याला झाडांतलं काही कळत नाही, पण सळई लाकडात जाऊ नये एवढं कुणालाही कळतं.

"काय झालं?"

"कुजलंय," मी म्हटलं. "वाऱ्याकडची मुळं गेलीत. वर काही दिसत नाही, पण खालून धरणारं कुणी उरलेलं नाही."

"पडेल?"

"मोठं आलं तर पडेल. तिकडे." मी निजायच्या खोलीकडे मान केली.

मावशीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, ते नुसतं तिथंच थांबलं. "कशानं कुजलं?"

"वय झालं, मावशी. पाणी साचतं. खारं पाणी चढलं होतं ना मागे." असं बोलताना मी दोर उचलला आणि गुंडाळायला लागले.

"क्लो."

"काय?"

"तू खोटं बोलताना दोर गुंडाळतेस. लहानपणापासून. माझी कोंबडी हरवलीस तेव्हाही असंच केलं होतंस."

ती खाली बसली. तिला गुडघे वाकवायला वेळ लागला. डर्विन हात द्यायला पुढे आला तर तिनं तो झिडकारला. खाचेत तिनं बोटं घातली. बाहेर काढली तेव्हा बोटांत ओला, तपकिरी भुसा होता. तिनं तो चोळला, वास घेतला.

"सांग," ती म्हणाली.

गोड करून सांगणं मला येत नाही. मी सांगितलं. कुऱ्हाड मातीत जात नव्हती, मुळात जात होती. प्रत्येक घावातून पाणी आणि बुरशी आत गेली. पुन्हा वादळ, पुन्हा तोच घाव, त्याच खाचेत, जोर लावून. तीन पिढ्यांच्या सासवा. वादळ जिकडून येणार तिकडचीच मुळं, कारण कुऱ्हाड वादळाच्या तोंडालाच रोवायची असते.

 मला वाटलं आता डर्विन हसणार. शहरातली माणसं अशा वेळी हसतात, 'अडाणीपणा' वगैरे म्हणतात. तो म्हणाला तर त्याच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर कॉफी ओतायची असं मी ठरवलंही होतं.

तो म्हणाला, "मी पण मारलीय एकदा. पप्पा बोटीवर अडकले होते तेव्हा. तू म्हणालीस, जोरात मार, तू आता घरातला पुरुष आहेस. मी उडी मारून मारली होती."

"हो," मावशी म्हणाली. "छान बसली होती."

मला रडू येत नव्हतं, संताप येत होता. त्या विमा कंपनीचा. तिनं पानं बघितली, मुळं बघितली नाहीत, या बाईचं नाव तिला धड उच्चारता येत नाही, आणि तरी तिचं उत्तर बरोबर निघालं. चुकीच्या माणसाचं उत्तर बरोबर निघावं यासारखी जळजळ दुसरी नाही.

"मग पाडायचं," मावशी म्हणाली. विचारलं नाही तिनं.

"अख्खं नाही. कोपर जमिनीवर टेकलंय, त्याला पूर्वेची मुळं धरून आहेत, ती चांगली आहेत. ते ठेवते. त्याच्या वरचं सगळं उतरवते. खोड छातीएवढं राहील. वारा धरायला काही उरलं नाही की पडणारही नाही. ओक हट्टी असतो, बाजूनं कोंब फुटतील."

"म्हणजे तू माथा उडवणार." ती माझ्याकडे बघत होती. "तू."

"हो. मी."

"थुंकशील मग माझ्या घरावरून जाताना."

 ती उठली, कपातली उरलेली कॉफी त्या खाचेत ओतली आणि घरात गेली. आतून कडी लावल्याचा आवाज आला. दिवसा कडी लावायची आमच्या गावात रीत नाही.

झाड उतरवायला आठवडा गेला. लोक रस्त्यावर येऊन उभे राहायचे, टोप्या काढून. एक-दोघांनी मला तोंडावर सुनावलं, "बांधापलीकडच्या कंपनीला विकली गेलीस ना शेवटी?" मी वरून शिवी दिली आणि कापत राहिले. रोज संध्याकाळी शेवाळाच्या दाढ्या अंगणात ढिगानं पडलेल्या असायच्या. मावशी पडवीत बसायची, झाडाकडे पाठ करून. एकदाही वळली नाही.

शेवटचा काप खोडाला घातला तेव्हा आतलं दिसलं. आग्नेयेचा भाग काळा, पोकळ. आणि त्या पोकळीच्या कडेला, बुंध्याशी, लाकडाच्या जाड वळ्या, एकीवर एक. प्रत्येक घावानंतर झाडानं जखमेवर लाकडाचा ओठ चढवला होता. बुजवायचा प्रयत्न. तो पुरा बुजायच्या आत पुढची कुऱ्हाड. मग पुन्हा ओठ.

व्हिल्टननं त्या वळ्यांवर हात ठेवला. "वहिनी, यावरून किती वादळं आली ते मोजता येईल."

"मोजू नकोस," मी म्हटलं.

उन्हाळाभर मावशी माझ्याशी बोलली नाही. मासळीच्या दुकानात समोरासमोर आलो की ती माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायची, तिथं कुणी उभं असल्यासारखं. तिच्या घरावर जन्मात पहिल्यांदा ऊन पडलं. पत्रा दुपारी तडतडायचा. खिडक्यांना तिनं गोधड्या लावल्या. मी रस्त्यानं जाताना काच वर करायचे. थुंकायचं म्हटलं तरी तोंड कोरडं पडायचं.

ऑगस्टात कंपनीनं आमच्या सबंध रस्त्याचा विमा बंद केला. झाडं असलेली घरं, नसलेली घरं, सगळी. जागाच धोक्याची म्हणे. हे त्यांना आता कळलं. डर्विननं मला फोन करून हे सांगितलं. मग म्हणाला, "आईला तू सांगशील?"

"तुझी आई माझ्याशी बोलत नाही."

"माझ्याशी पण नाही."

सप्टेंबरात वादळ आलं. समुद्रात असतानाच मोठं झालेलं. हुकूम निघाला, लोकांनी खिडक्यांवर फळ्या ठोकल्या, बोटी आतल्या खाडीत नेल्या, थडग्यांना पोलादी पट्टे आवळले. व्हिल्टन त्याच्या बायकोपोरांना घेऊन सकाळीच गेला. माझी गाडी भरली होती. मी ती मावशीच्या घराकडे वळवली. हवा थांबली होती, पक्षी गेले होते, आग्नेयेला आभाळ शिळ्या माशाच्या रंगाचं.

ती पडवीत बसली होती. पायाशी एक पिशवी. मांडीवर कुऱ्हाड.

मी गाडीतून उतरले, पायरीशी उभी राहिले. 

"पोलीस येऊन गेले," ती म्हणाली. मे महिन्यानंतर माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. "मी म्हटलं, ओक कुठाय? तर ते खोडाकडेच बघायला लागले. बिचारे."

"मावशी, चला."

"थांब."

ती उठली. कुऱ्हाड घेऊन पायऱ्या उतरली, अंगण ओलांडून खोडापाशी गेली. मी मागे गेले. खोडाच्या बाजूनं कोंब फुटले होते, गुडघ्याएवढे, कोवळी पानं तांबूस. कोपर होतं तिथंच होतं, दफनभूमीकडे वळण करून. मावशीनं एका कोंबाला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं, चटका बसावा तसं. मग खाचेच्या जागेकडे बघितलं. मला वाटलं ती तिथंच रोवणार. रोवली असती तर मी अडवलंही नसतं. आता तिथं दुखायला काही उरलं नव्हतं.

ती मागे फिरली. पडवीत आली, आग्नेयेकडच्या कडेला, जिथं ओव्हीदची खुर्ची असायची. तिनं पाय फाकवून उभं राहून कुऱ्हाड दोन्ही हातांनी डोक्यावर नेली. एवढ्याशा बाईत तो जोर कुठून आला कोण जाणे. फळी कडाडली. पातं घराच्या लाकडात निम्मं गेलं, दांडा ताठ उभा राहिला.

"आता ही फळी कुजू दे," ती म्हणाली. घराला म्हणाली.

मग पिशवी उचलली, गाडीत येऊन बसली आणि दार इतक्या जोरात ओढलं की माझ्या खिडकीची काच खाली सरकली.

आम्ही निघालो. तिनं वळून बघितलं नाही. मी आरशात बघितलं : उजाड खोड, त्याच्यामागे पत्र्याचं घर, पडवीत कुऱ्हाडीचा दांडा. मग वळण आलं. बांधाच्या फाटकाशी गाड्यांची रांग लागली होती; पलीकडे जायला तेवढं एकच फाटक ठेवलंय शहाण्यांनी. आम्ही रांगेत थांबलो. पहिले थेंब काचेवर आडवे आले.

मावशीनं पिशवीतून थर्मास काढला. झाकणात कॉफी ओतली, आधी स्वतः घोट घेतला, मग झाकण माझ्याकडे केलं.

मी प्यायले. कडू जहर होती. साखर घालायची विसरली होती की मुद्दाम घातली नव्हती, ते मी विचारलं नाही. झाकण रिकामं करून परत दिलं, आणि तिनं ते पुन्हा भरलं.